गोवर्धनच्या कोष्ट्यांचा हिशेब

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर चुलत भावाच्या नातवाने एक दुवा टाकला. हा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो, हुशार आहे, मोठ्यांना मान देऊन बोलतो. दुव्याखाली लिहिले होते की या अ‍ॅपवर खाते उघडा, माझा कोड टाका, तुम्हालाही बोनस आणि मलाही. विषय क्रिप्टोचा. पाचदहा मिनिटांत अंगठे उमटले. एकीने तर हात जोडलेले चित्र टाकले, ते का ते तिलाच ठाऊक.

एरवी सगळ्यांत आधी अंगठा देणारा माझा धाकटा भाऊ मात्र गप्प होता. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, तू तुझ्या ब्लॉगवर लिही. माझं नाव नको घालूस, पण झालं ते सगळं लिही." त्याच्या परवानगीने लिहिते आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींनी मला फोन करून "हे कशाला चव्हाट्यावर मांडलंस" असे विचारू नये.

नेहमी येणाऱ्या वाचकांना माहीत आहेच की माझी गाडी कुठूनही सुटली तरी शेवटी पांडवलेण्यावर येऊन थांबते. आज सुरुवातच तिथून करते.

दहा नंबरचे लेणे, नहपान विहार म्हणतात ते. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लेख कोरलेला आहे. क्षहरात क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात, दीनिकाचा मुलगा. वर्ष ४२, महिना वैशाख. म्हणजे आजपासून सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. या उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दान दिले, आणि नुसते लेणे देऊन भागत नाही हे त्याला ठाऊक असल्यामुळे सोबत तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेव कुठे? तर गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या श्रेणींकडे. लेखात 'कोलिक' असा शब्द आहे, म्हणजे आपले कोष्टी. एका श्रेणीकडे दोन हजार, दर महिना शेकडा एक. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दर महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण, आणि हजाराच्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च.

आठवीनववीच्या मुलांना सहलीला तिथे नेले की मी इथे थांबवून त्यांना हिशेब करायला लावत असे. दोन हजारांना शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे दोनशे चाळीसच! एक कार्षापणही इकडचा तिकडे होत नाही. ते जुळले की मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचे ते पाहण्यासाठी मी तीस वर्षे त्या पायऱ्या चढले. (पुढे याच लेखात आठ हजार नारळाच्या झाडांचेही दान आहे. ते सांगितले की मुले हमखास हसायची. का, ते मला कधी कळले नाही.)

पण मला स्वतःला जास्त आवडते ती शेवटची ओळ. हे सगळे निगमसभेत जाहीर केले आहे आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात, फळ्यावर नोंदवले आहे, असे त्यात म्हटले आहे. शिवाय दगडावर कोरले ते वेगळेच. पैसे कोणी दिले, कोणाकडे दिले, दर काय, कशासाठी, आणि नोंद कुठे आहे... सगळे येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावे असे. दोन श्रेणींचे दर वेगळे आहेत, तेही लपवलेले नाहीत.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. तीन नंबरच्या लेण्यात त्याचे लेख आहेत. त्यातला एक, त्याच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षाचा, मला फार महत्त्वाचा वाटतो. गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला उद्देशून ती आज्ञा आहे, राजाची आणि राजमातेची मिळून. आशय असा की कखडी नावाच्या गावातले शेत आम्ही पूर्वी या भिक्षूंना दिले होते, पण ते शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी. म्हणजे दिलेले दान पोकळ निघाले. भिक्षूंनी कुठेतरी जाऊन गाऱ्हाणे घातले असणार. आणि देणाऱ्याने चूक मान्य करून दुसरी जमीन दिली, तेही लिहून.

सत्ता बदलली तेव्हा पैशाचे काय झाले, त्याचाही पुरावा आपल्याच जिल्ह्यात सापडला. १९०६ साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. नाणी तेरा हजारांच्या वर, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. राजा गेला, चांदी राहिली. नवा राजा म्हणाला, आता याची जबाबदारी माझी.

आता एकदम नाशिकरोडला येते. आमचे वडील प्रेसमध्ये कामाला होते. नाशिककरांना नुसते 'प्रेस' म्हटले तरी कळते. इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तिकिटे, स्टँप पेपर, आणि शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा. त्याआधी आपल्या नोटा विलायतेहून छापून येत. वडील घरी आले की आई चहा ठेवायची आणि आम्ही विचारायचो, आज किती रुपये छापले? ते म्हणायचे, "मी कागद छापतो. रुपये दिल्लीमुंबईचे लोक करतात." फाटकावर रोज झडती. एखादा कागद छापताना खराब झाला तरी तो मोजूनच परत द्यायचा. चुकलेल्या कागदाचाही हिशेब.

वडिलांनी मला पहिल्यांदा नोट वाचायला शिकवले. 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ', खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही. एक रुपयाच्या नोटेवर मात्र हे वचन नसते, ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवाची सही असते. हे मी वर्गात विचारत असे आणि शिक्षकखोलीतही विचारत असे. दोन्हीकडे उत्तर क्वचित मिळे.

याच प्रेसच्या नावाला पुढे तेलगी प्रकरणात बट्टा लागला. अब्दुल करीम तेलगी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रे त्याच्यापर्यंत पोचली आणि खोटे स्टँप पेपर देशभर विकले गेले. २००१ साली अजमेरला तो पकडला गेला, २००७ साली त्याला १३ वर्षे सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड झाला, २०१७ साली बंगळुरूत वारला. वडील तेव्हा थकले होते. टीव्हीवर प्रेसचे फाटक दिसले की ते चॅनेल बदलायला लावत. पण त्या लबाडीतही एक गोष्ट होती. तेलगीला सरकारच्या नावाची चोरी करावी लागली, कारण लोक त्या नावावर विश्वास ठेवत होते. चोरी उघड झाली तेव्हा जाब कोणाला विचारायचा हे माहीत होते आणि सरकारला स्टँपची पद्धतच बदलावी लागली.

बिटकॉइनमध्ये असे नावच नाही. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी एक निबंध प्रसिद्ध केला आणि जानेवारी २००९ मध्ये पहिली नोंद झाली. हा माणूस कोण, एक की अनेक, जगाला आजतागायत ठाऊक नाही. नाणी जास्तीत जास्त दोन कोटी दहा लाखच होतील असा नियम. व्यवहारांची वही हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, कोणीही पाहावी, मागची नोंद कोणालाही खोडता येऊ नये. भाच्याने मला हे पहिल्यांदा समजावले तेव्हा खरे सांगते, मला आनंद झाला. म्हटले, अरे, ही तर निगमसभेतली फळी! मी भाबडेपणाने त्याला उषवदाताचा लेख ऐकवला. तो म्हणाला, "आत्या, बरोब्बर."

तेव्हा माझ्या लक्षात आले नाही की फळीवर नोंद आहे, पण नोंदीपुढे गोवर्धनचे कोष्टी नाहीत. अक्षरे आणि आकडे मिळून एक पत्ता आहे आणि त्या पत्त्यावर कोणी राहत नाही.

आता धाकट्याची गोष्ट.

तो सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला. २०१७ साल. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात, बँकेचे व्याज उतरत चाललेले. एक ओळखीचा माणूस त्याला आग्रा रोडवरच्या एका हॉटेलातल्या सभेला घेऊन गेला. कोट घातलेला वक्ता, पडद्यावर आलेख, मध्येच एकाला व्यासपीठावर बोलावून मोटारीची किल्ली दिली, टाळ्या. योजना अशी की पैसे भरा, त्याचे बिटकॉइन होतील, आणि दर महिना शेकडा दहा परतावा. धाकट्याने सहा लाख भरले. मला विचारायला आला, तेव्हा मी त्याला सावध केले असे लिहायला मला आवडले असते. मी माझे दीड लाख दिले. दातांचे काम करायचे होते, म्हटले त्यातून निघेल.

महिना शेकडा दहा! उषवदाताच्या दराच्या दहापट. तीस वर्षे जो हिशेब मुलांकडून करून घेतला, तो स्वतःच्या वेळी मी केला नाही. केला असता तर विचारावेच लागले असते की हे कोष्टी असे कोणते कापड विणतात की महिन्याला शंभराचे एकशेदहा होतात?

पहिले चार महिने पैसे आले. तेच वाईट झाले. धाकट्याला वाटले, आपले भले झाले तसे दुसऱ्याचेही व्हावे. त्याने कारखान्यातल्या एका फिटरला आणले आणि त्यांच्याच बिल्डिंगमधल्या, शिवणकाम करून दोन मुली वाढवलेल्या एका बाईंना. बाईंनी एक लाख ऐंशी हजार दिले. त्यांना आणल्याबद्दल धाकट्याच्या खात्यात कमिशन जमा झाले. पाचव्या महिन्यापासून परतावा बिटकॉइनमध्ये येईना, कंपनीच्या स्वतःच्या कसल्याशा नाण्यात येऊ लागला. मोबाइलवर आकडा फुगत होता, पण काढायला गेले की काहीच निघत नव्हते. २०१८ च्या उन्हाळ्यात ते अ‍ॅप उघडायचे बंद झाले. पोलीस ठाण्यात विचारले, पैसे कोणाला दिले? ज्याला दिले तो ओळखीचा माणूस स्वतःच रडत होता, त्याचे अकरा लाख गेले होते. त्याने वरच्याला दिलेले, वरच्याने आणखी वरच्याला.

आमची योजना लहान होती, पेपरात आली नाही. याच साच्याची मोठी योजना म्हणजे गेनबिटकॉइन. महिना दहा टक्के, अठरा महिने, आणि पुढे परतावा एमकॅप नावाच्या स्वतःच्याच नाण्यात. सूत्रधार अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी २०१८ साली अटक केली. नंतर त्याला जामीन मिळाला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. मार्च २०२२ मध्ये आणखी नवलाची बातमी आली. तपासात मदत करायला पुणे पोलिसांनी जे दोन सायबर तज्ज्ञ घेतले होते, त्यांनाच, जप्त खात्यांतले बिटकॉइन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. वडिलांच्या वेळी प्रेसच्या फाटकावर झडती घेणारा आणि देणारा दोघेही एकमेकांना दिसत होते. इथे मुद्देमाल म्हणजे एक संकेतशब्द, आणि तो ज्याला कळला त्याचे धन. देशभरातले ते गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सीबीआयकडे सोपवले, फेब्रुवारी २०२५ मध्ये साठांहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. लोक अजून वाट पाहताहेत.

सरकारचे धोरण विचाराल तर त्याचाही एक इतिहास आहे. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने पहिला इशारा दिला. ६ एप्रिल २०१८ ला बँकांना सांगितले की या व्यवहारांना हात लावू नका. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागला, एकातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि अर्थमंत्री म्हणाल्या की कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे. त्याच सुमारास गेनबिटकॉइनच्याच सुनावणीत न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना विचारले होते, हे कायदेशीर आहे की नाही ते तरी सांगा. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणले. पण असे नाणे म्हणजे नेमके काय आणि ते बुडाले तर ग्राहकाने कोणापुढे उभे राहायचे, हे सांगणारा वेगळा कायदा नाही. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ ला डल्ला पडला, सुमारे २३ कोटी डॉलर गेले. तिथे खाते असलेल्या इथल्या माणसांचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयात चालला. कखडीच्या शेताचे गाऱ्हाणे घेऊन भिक्षूंना सिंगापूरला जावे लागले नव्हते.

एनएफटीबद्दल एका ब्लॉगमैत्रिणीने मागे विचारले होते, म्हणून दोन ओळी. त्यात चित्र विकत मिळत नाही, बहुतेक वेळा चित्राचे हक्कही मिळत नाहीत. वहीत तुमच्या नावापुढे एक नोंद मिळते. सातबाऱ्यावर नाव लागले, पण शेत सगळ्या गावाने फुकट नांगरावे, तसे. ट्विटरच्या संस्थापकाच्या पहिल्या ट्विटची अशी नोंद मार्च २०२१ मध्ये २९ लाख डॉलरला गेली. वर्षभराने मालकाने ती विकायला काढली तेव्हा बोली शेकड्यांच्या पुढे जाईना. त्याची चैन होती, गेली. माझा जीव तिथे अडकत नाही.

अडकतो तो शिवणकाम करणाऱ्या बाईंपाशी. १९७८ चा एक कायदा आहे, साखळीच्या पैसाफिरव्या योजनांवर बंदी घालणारा. त्यात योजना चालवणाराच नव्हे, तर सभासद म्हणून नाव नोंदवून भाग घेणाराही गुन्हेगार ठरू शकतो. वकिलांनी धाकट्याला हे सांगितले त्या दिवशी तो जेवला नाही. त्याला वाटत होते की आपण फसलेले आहोत. मग कमिशन घेतले ते काय? भावजय म्हणाली, "त्यांना काय ठाऊक होतं?" खरेच आहे, ठाऊक नव्हते. पण त्या हॉटेलातल्या सभेत ज्याला किल्ली मिळाली, त्यालाही कदाचित ठाऊक नसेल. मग बोट दाखवायचे कुठवर? फिटरने पुढे तिघांना आणले होते. तो धाकट्याशी बोलत नाही, आणि ते तिघे फिटरशी बोलत नाहीत. मी धाकट्याला दोष दिला नाही, पण तू निर्दोष आहेस असेही म्हणाले नाही. मोठ्या बहिणीने म्हणायला हवे होते का? अजून ठरवता आलेले नाही. माझ्या दीड लाखांनी मलाही त्याच रांगेत उभे केले आहे.

हिंजवडीच्या नातवाला मी फोन केला. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "आजी, ते फ्रॉड होतं. हे नोंदणी केलेलं एक्स्चेंज आहे, फरक आहे." फरक आहे, मान्य. मी त्याला एकच विचारले, तुझ्या कोडवरून तुझ्या मावशीने पैसे घातले आणि ते अडकले, तर ती कोणाला फोन करेल? तो जरा थांबला आणि म्हणाला, "मलाच." रात्री गटावरचा तो दुवा त्याने काढून टाकला. अ‍ॅपवरचे स्वतःचे खाते ठेवले आहे, तो त्याचा प्रश्न.

धाकटा जानेवारी २०१९ पासून त्या बाईंना महिना दोन हजार देतो. पेन्शन फार नाही, एका दुकानाचा हिशेब लिहून जमवतो. शंभर पानी वही केली आहे. तारीख, रक्कम, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. काही हप्ते बाकी आहेत. मध्यंतरी ती वही घेऊन माझ्याकडे आला आणि विचारले, "ताई, व्याज किती धरू?" मी म्हटले, पाऊण टक्का धर, गोवर्धनचा दर आहे. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून मांडले. एक लाख ऐंशी हजारांना महिना तेराशे पन्नास, मग हप्त्याहप्त्याने उतरत जाणारे.

बाईंनी व्याज घ्यायला साफ नकार दिला. धाकट्याने ते वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहून ठेवायला सुरुवात केली आहे.